संध्याकाळची सायकल

रोज ऑफिसला जायला बारमाही चालेल अशी सायकल बघायला मी दुकानात गेले ती रविवारी सकाळी. नाश्ता झालेला, पाय ताजे, आभाळ निळं आणि दुकानासमोरचा रस्ता सपाट. अशा वेळी कुठलीही सायकल छानच चालते. दुकानातल्या पोराने सीट वरखाली करून दिली, मी गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारली, घंटी वाजवून पाहिली आणि घेऊन टाकली. तिला मडगार्ड नव्हतं, चेनकव्हर नव्हतं, कॅरिअर नव्हतं. पुढे स्प्रिंगा मात्र होत्या, एकवीस गिअर होते आणि दांडीवर वीज पडल्यासारखी पिवळी नक्षी. "मॅडम, मडगार्ड लावलं की लुक जातो," असं तो पोरगा म्हणाला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला ते पटलं, हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

माझं घर कोथरूड डेपोजवळ आणि ऑफिस शिवाजीनगरला. सात-साडेसात किलोमीटर. सकाळी पौड रस्ता, नळस्टॉप, डेक्कन, मग फर्ग्युसन रस्ता. संध्याकाळी जंगली महाराज रस्त्याने परत. कागदावर जाणं आणि येणं सारखंच. पण कोथरूड आहे शहराच्या पश्चिमेला आणि नदीपासून हळूहळू वर चढत गेलेलं, आणि पावसाळ्यात पुण्यात वारा येतो तोही पश्चिमेकडूनच. म्हणजे सकाळी उतार पायाखाली, वारा पाठीला आणि अंगात झोप झालेल्या माणसाचा उत्साह. संध्याकाळी या तिन्ही गोष्टी उलट्या. सकाळची पंचवीस मिनिटं संध्याकाळी चाळीस होतात. त्यात पाऊस असला, अंधार पडलेला असला आणि डब्याच्या जोडीला वाटेत घेतलेली मेथीची जुडी असली, की पन्नास. विकत घेतली ती सकाळची सायकल, गरज होती संध्याकाळच्या सायकलीची, हे कळायला मला एक अख्खा जून जावा लागला.

पुण्याचा पाऊस आकड्यात फार मोठा नाही. वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला एकट्या सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे आमचं वर्षभराचं रेशन त्यांनी चोवीस तासांत उचललं आणि वर थोडं जास्तच. पण मुंबईचा पाऊस कोसळतो, आमचा भुरभुरतो. दिवसभर नुसती भुरभुर. या भुरभुरीत छत्री उघडावी की नाही याच विचारात माणूस घरी पोचतो. सायकलवर मात्र हा पाऊस वरून कमी आणि खालून जास्त लागतो. पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी उचलून थेट तोंडावर मारतं, मागचं चाक पाठीवर. पहिल्याच आठवड्यात माझ्या फिक्या पिवळ्या कुर्त्यावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटली, खारीच्या पाठीवर असते तशी. ऑफिसात दोन तास कुणी काही बोललं नाही. मग एका सहकाऱ्याने अत्यंत सभ्यपणे विचारलं, "आज टेकडीवरून आलात का?"

लुक गेला तो असा.

आणि मग नळस्टॉपजवळ पडले. पावसाळ्याच्या सुरुवातीला रस्त्यावर वर्षभराचं सांडलेलं ऑइल वर येतं, हे दुचाकीवाल्या प्रत्येक पुणेकराला माहीत असतं, त्यामुळे मी जपूनच चालवत होते. पण चेंबरच्या लोखंडी झाकणावर पुढचं चाक गेलं, समोर रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला आणि सायकल माझ्याखालून निघून गेली. गुडघा सोलवटला, ओढणी चेनमध्ये गेली. ती सोडवायला एक भाजीवाल्या मावशी धावून आल्या. ओढणी निघाली, पण काळी होऊन. मावशी म्हणाल्या, "बाई, याला जाळी नसते का हो? आमच्या वेळी असायची."

हे वाक्य डोक्यात राहिलं. खरंच असायची की.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. नारायण पेठेतून रोज सायकलने जायचे, पावसाळा धरून. त्यांची काळी सायकल मला अजून तपशीलवार आठवते. चेन दिसायचीच नाही, ती पूर्ण पत्र्याच्या डब्यात. मागचं मडगार्ड जवळजवळ टायरच्या कमरेपर्यंत खाली आलेलं आणि त्याच्या टोकाला रबराची जीभ. ब्रेकला वायर नव्हती, लोखंडी दांड्या होत्या, म्हणजे गंजून तुटायचा प्रश्न नाही. कॅरिअर इतकं दणकट की दसऱ्याला त्याच्यावर मी आणि झेंडूची टोपली दोघंही मावायचो. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत गेटात शिरणाऱ्या सायकलींची रांग त्यांच्या बोलण्यात नेहमी यायची. पावसात बाबा डकबॅकचा रेनकोट घालून निघायचे आणि परतल्यावर आधी सायकल पुसायचे, मग स्वतःला. आईचं यावर एक ठरलेलं वाक्य होतं, ते इथे लिहीत नाही.

ती सायकल पावसाला तयार होती यात नवल नाही, कारण तिचा घाट मुळात इंग्लंडचा. तिथे पाऊस हा ऋतू नसून हवामान आहे. तिथल्या सनबीम कंपनीच्या सायकलींची चेन तर बंद डबीत, तेलात बुडून फिरायची. 'लिटल ऑइल बाथ' असं त्याचं नावच होतं. कर्वेनगरला सहवास सोसायटीत जुन्या सायकलींचं एक संग्रहालय आहे. गुडघा बरा होईपर्यंत सायकल चालवता येत नव्हती म्हणून मी एका शनिवारी ते बघून आले. तिथे दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसए या इंग्लिश कंपनीची घडीची सायकल आहे आणि लोक तिच्यासमोरच जास्त रेंगाळतात. मी मात्र एकेका सायकलीची मडगार्डं आणि चेनकव्हरं बघत, वाकून वाकून फिरत होते.

पण बाबांच्या सायकलीची आठवण काढून डोळे पुसायचा माझा विचार नाही. त्या सायकलीचे ब्रेक पावसात लागायचे नाहीत. अजिबात. रिम क्रोमची, तिच्यावर रबर. रिम ओली झाली की ब्रेक दाबल्यावर चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जायचे, मग कुठे पकड यायची. बाबा म्हणायचे, "पावसात ब्रेक चौकाच्या आधीच्या चौकात दाबायचा." दिव्याचंही तसंच. डायनॅमो टायरवर घासून फिरणारा. टायर ओला झाला की तो घसरायचा आणि दिवा नेमका पावसातच डोळे मिटायचा. वजन वीस किलोच्या पुढे. आणि गिअर एकच. मी ती सायकल विकायच्या आधी, का कुणास ठाऊक, तिचे दात मोजून ठेवले होते. पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे. सपाटीला उत्तम. नारायण पेठ ते खडकी जमून जायचं. कोथरूडच्या चढाला, पश्चिमेच्या वाऱ्यात, एका फेऱ्यात साडेपाच मीटर ढकलायचे म्हणजे उतरून चालणंच आलं.

आणि ती सायकल शहरातून गेली तीही काही पावसामुळे नाही. १९७२ मध्ये लूना मोपेड आली, त्याच वर्षी चेतक स्कूटर आली, आणि दोन्ही आमच्याच अंगणातल्या कंपन्यांच्या. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या गावाने आपल्याच कंपन्यांच्या हातून स्वतःच्या सायकली हटवल्या, यात एक पुणेरी शिस्त आहे असं मला वाटतं. बाबांनीही निवृत्तीच्या आधी लूना घेतली. तिच्यावर ते कधी खूश दिसले नाहीत, पण भिजलेले मात्र कमी दिसले.

असो. गुडघ्यावर खपली धरल्यावर मी सायकल घेऊन कोथरूड गावठाणातल्या आमच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. जिन्याखालचं दुकान, बाहेर पाण्याची परात, भिंतीवर जुन्या टायरांच्या माळा. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, स्प्रिंगांवर हात दाबला, स्प्रिंगा कण्हल्या. "ताई, ही उन्हाळ्याची सायकल आहे," ते म्हणाले. "या स्प्रिंगांत पाणी गेलंय. ओव्हरऑइलिंग करून देतो, पण पुढच्या पावसात परत येणार तुम्ही." ओव्हरहॉलिंगला ओव्हरऑइलिंग म्हणायची आपल्याकडची पद्धत मला फार आवडते. कामाचं वर्णन त्यातच आलं.

पुढचे दोन महिने मी बसने गेले आणि संध्याकाळी काकांच्या स्टुलावर बसून सायकलीचा अभ्यास केला. काकांचा एकच नियम होता: जे उघडं आहे ते पावसाचं. उघडी चेन, उघडी वायर, उघडं बेअरिंग, सगळं पावसाच्या मालकीचं. झाकता येईल ते झाका, झाकता येणार नाही ते असं घ्या की पन्नास-शंभर रुपयांत कुठेही बदलून मिळेल.

या नियमाचा पहिला भाग मला थेट हब गिअरकडे घेऊन गेला. मागच्या चाकाच्या मधल्या डबीतच सगळे गिअर, बाहेर फक्त एक वायर. पाणी नाही, चिखल नाही, आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे सिग्नलला उभं असताना, पायडल न मारता गिअर बदलता येतो. ही काही नवी गोष्ट नाही. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा आहे. मी इंटरनेटवर डच सायकलींचे फोटो बघत रात्री जागवल्या. पूर्ण बंद चेन, मागच्या चाकावर कपडे अडकू नयेत म्हणून जाळी, हबमध्येच डायनॅमो, हबमध्येच ब्रेक. भाजीवाल्या मावशींची जाळी ती हीच.

मग काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "सायकल झकास आहे. पण नळस्टॉपला पंक्चर झालं तर मागचं चाक कोण काढणार?" गिअरची वायर सोडवा, नट सोडवा, ब्रेकचा दांडा सोडवा, मग चाक. आणि परत बसवताना वायरचा ताण जरा चुकला की मधला गिअर पायाखालून सटकतो. हे सगळं भर पावसात, फुटपाथवर, सात वाजता. शिवाय त्या डबीच्या आतलं काही गेलं तर पुण्यात तो भाग शोधत नाना पेठेपासून फिरायचं, आणि नाही मिळाला तर परदेशाकडे डोळे लावून बसायचं. नियमाच्या पहिल्या भागाला दुसऱ्या भागाने हरवलं. हब गिअर सपाट, नीटनेटक्या देशातल्या माणसाने जरूर घ्यावा. ज्यांना घरी चाक खोलायची हौस आहे त्यांनीही घ्यावा. माझ्या बोटांना ती हौस नाही.

ब्रेकवर मात्र मी अडून बसले, कारण गुडघा माझा होता. जुन्या क्रोमच्या रिमपेक्षा हल्लीच्या अॅल्युमिनियमच्या रिमवर रबराचा ब्रेक बराच बरा लागतो, हे खरं. पण पुण्याच्या पावसात नुसतं पाणी नसतं, त्यात बांधकामांची बारीक खडी असते. ती ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि रिमला कानसीसारखी घासते. दोन पावसाळ्यांत रिम बोटाला खोलगट लागायला लागते. डिस्क ब्रेकची थाळी चाकाच्या मध्यावर, डबक्यापासून वर, त्यामुळे पाण्याचा त्रास कमी. त्यातही तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक दोन बोटांत थांबवतात, पण त्यांच्या नळीत हवा शिरली तर ते काम जिन्याखालच्या दुकानाचं नाही. वायरचे डिस्क ब्रेक जरा जोर लावून दाबावे लागतात, वायर ताणली की पुन्हा नव्यासारखे. मी वायरचे घेतले. एकदा तरी काकांना बरोबर वाटेल असं काही केलं पाहिजे होतं.

फ्रेमवरून काकांशी माझा वाद झाला नाही. लोखंडाची जड आणि सोशिक, अॅल्युमिनियमची हलकी आणि न गंजणारी. मला पार्किंगमधल्या तीन पायऱ्या रोज चढवायची होती, विषय संपला. काकांनी फक्त सायकल उलटी करून पायडलच्या मधल्या नळकांड्याला खालून बारीक भोक आहे ना, ते पाहिलं. सीटच्या नळीतून झिरपलेलं पाणी तिथे साचतं आणि आतले छर्रे खातं. भोक होतं. काकांनी समाधानाने मान हलवली, जणू मुलीची पत्रिका जुळली.

शेवटी जी सायकल घेतली तिचं वर्णन कुणाला सांगितलं तर ते जांभई देतात. स्प्रिंगा नाहीत. पुढचं चाक धरणारा सरळ, साधा काटा. पुढे एकच चेनव्हील अडतीस दातांचं, मागे आठ गिअर, सगळ्यात मोठी चकती बत्तीस दातांची. त्या गिअरमध्ये पायडलचा एक फेरा म्हणजे अडीच मीटरच्या जरा वर. बाबांच्या सायकलीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे पौड रस्त्याच्या चढावर मी चालत्या माणसापेक्षा किंचितच पुढे असते, पण बसलेली असते. टायर अडतीस मिलिमीटरचे, आणि त्यांत हवा ठासून भरायची नाही. थोडा मऊ टायर ओल्या पेव्हर ब्लॉकवर अंग टेकून चालतो. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत. त्याहून महाग असती तर शिवाजीनगरला ती कुलूप लावून ठेवताना माझा जीव तिच्याजवळच राहिला असता.

मग काकांनी तिची वेशभूषा केली. दोन्ही चाकांना लांब मडगार्डं, पुढच्याच्या टोकाला जुन्या ट्यूबची कापलेली जीभ. ही जीभ सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी, बूट कोरडे राहतात ते तिच्यामुळे. चेनच्या बाजूला अर्धं कव्हर. पूर्ण कव्हर गिअरच्या सायकलला बसत नाही, त्यामुळे ओढणीला ऑफिसच्या बॅगेत जागा शोधावी लागली. कॅरिअर, आणि त्याला अडकवायची पाण्याने न भिजणारी पिशवी. मागे लाल दिवा, जो मी ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून चार्ज करते. तो लुकलुकता ठेवू नये, सलग ठेवावा असं माझं मत झालंय. काचेवर पावसाचे थेंब असलेल्या गाडीवाल्याला लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतर कळत नाही.

एवढं सगळं लावून सायकल गल्लीत आणली तेव्हा ती अगदी बाबांच्या सायकलीसारखी दिसायला लागली होती. नव्या सायकलीवर जे नसतं ते एकेक करून विकत घ्यायचं, पैसे मोजून, आणि मग ती जुन्या सायकलीइतकी शहाणी होते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीतून खाली बघत म्हणाले, "ताई, गाडी बिघडली का?"

२०१७ च्या शेवटी शहरात भाड्याच्या सायकली आल्या होत्या, आठवतंय? मोबाइलवर कुलूप उघडायचं, कुठेही सोडून द्यायची. त्याच सुमारास महापालिकेचा सायकल आराखडाही मंजूर झाला. त्या सायकलींतल्या काहींचे टायर भरीव होते, पंक्चर होणंच शक्य नाही. मी हौसेने चालवून पाहिल्या. खड्डा आला की दातांना कळायचं. दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या, काही नदीपात्रात, काही कुणाच्या तरी जिन्यात. आराखड्यातल्या ट्रॅकवर आता गाड्या लागतात आणि पाणीपुरीचे ठेले. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ मात्र खरोखर देखणा झालाय, इतका देखणा की सायकलवाल्याने तिथे जाऊन त्याची शोभा घालवू नये असं सगळ्यांचं एकमत दिसतं.

उन्हाळ्याबद्दल लिहायला हवं, नाहीतर बारमाही म्हणायचं कसं? पण उन्हाळ्यात सायकलीचं काही बिघडत नाही, माणसाचं बिघडतं. उन्हात ठेवलेली काळी सीट चार वाजता तव्यासारखी तापते, तिच्यावर टाकायला मी जुन्या टॉवेलचा तुकडा ठेवते. चेनला तेल अगदी पातळ लावायचं आणि फडक्याने पुसून काढायचं, कारण जाड तेलाला धूळ चिकटते आणि काळी पेस्ट होते. जाड तेल पावसाळ्यासाठी. काका म्हणतात, तेल चेनच्या पोटात हवं, अंगावर नको. थंडीला सायकल लागतच नाही, थंडीत पुण्यात सायकल आपली आपण चालते.

रेनकोटचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. रेनकोट घातला तर चढावर आतून घामाने भिजते, नाही घातला तर बाहेरून. पोंचो आणला होता, तर डेक्कनला पश्चिमेचा वारा त्यात शिरला आणि त्याचं शीड झालं. मी बराच वेळ एकाच जागी पायडल मारत होते. आता पाऊस असला की सरळ भिजते. पिशवीत कोरडा कुर्ता, पंचा आणि चपला. ऑफिसच्या बाईंनी स्वच्छतागृहाजवळची एक खुंटी मला देऊन टाकलीय.

गेल्या जुलैत एका संध्याकाळी खडकवासल्यातून पाणी सोडलं. भिडे पूल बंद, नदीपात्रातला रस्ता बंद, म्हणजे सगळी वाहतूक वरच्या पुलांवर आणि डेक्कनला. गाड्या हलत नव्हत्या. पाऊस आडवा. मी गाड्यांच्या मधून, मग खंडुजीबाबा चौकातून कर्वे रस्त्याला, मेट्रोच्या खांबांना धरून हळूहळू निघाले. नळस्टॉपला तेच झाकण, तिथेच रिक्षा थांबली. ब्रेक दाबला. सायकल थांबली. एवढंच. पुढे पौड फाट्यापासून बत्तीस दातांच्या चकतीवर, वाऱ्याला शिव्या घालत, अडीच-अडीच मीटर करत घरी. पंचावन्न मिनिटं. पाठ कोरडी नव्हती, पण चिखलाची रेघ नव्हती.

पार्किंगमध्ये तीन पायऱ्या चढवून सायकल स्टँडवर लावली आणि वर गेले. सकाळी खाली आले तर मडगार्डच्या जिभेतून आणि नळकांड्याच्या भोकातून रात्रभर ठिबकलेल्या पाण्याचा एक नेटका ओघळ लिफ्टच्या दारापर्यंत गेला होता. दोन दिवसांनी त्या भिंतीवर पाटी लागली, लाल अक्षरात: 'ओल्या सायकली बाहेर निथळवूनच आत आणाव्यात. सर्व सायकलधारकांनी नोंद घ्यावी.'

आमच्या सोसायटीत चालती सायकल एकच आहे.